मागे बसलेला

नाशिक,
१२ जुलै २०२५

श्री. बहिरू गावित,
करंजपाडा, ता. सुरगाणा

सप्रेम नमस्कार.

मी रोहित रंगनाथ शेवाळे, वय सतरा, राहणार सातपूर. दिनांक १८ फेब्रुवारी रोजी आमच्या भागात उभ्या असलेल्या वाहनांची जी तोडफोड झाली, त्यात माझा सहभाग होता. आपल्या जीपचे नुकसान झाले व आपल्या मावशी श्रीमती कुसाबाई यांना इजा झाली, याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. वाईट संगतीमुळे माझ्या हातून हे कृत्य घडले. यापुढे जबाबदार नागरिक म्हणून जीवन जगण्याचा मी निर्धार केला आहे. आपण मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती.

माझी चौकशी पूर्ण होईपर्यंत बाल न्याय मंडळाने मला परिवीक्षा अधिकारी श्रीमती तृप्ती अहिरे यांच्या देखरेखीखाली ठेवले आहे. आपण उत्तर लिहिल्यास त्यांच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावे.

आपला नम्र,
रोहित शेवाळे

*

करंजपाडा,
२ ऑगस्ट

रोहितला बहिरूचा रामराम.

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी पोस्टमननं हातात दिलं. दोनदा वाचलं. आश्रमशाळेत मी सातवीपत्तुर शिकलोय, वाचता येतं मला. अक्षर तुझं चांगलं हाय. पण बोलणं तुझं नाय. कुणी सांगितलं आन् तू लिवलं, असं हाय ते.

‘कृत्य घडले’ म्हंजी काय रे? पाऊस पडतो तसं वरून पडलं का ते? आन् ‘इजा झाली’ असं लिवलंस. काय झालं ते तुला ठावं हाय का, का कुणी सांगितलंच नाय?

मंग मीच सांगतो. मावशीची पोरगी सरिता तुमच्या सातपूरला कंपनीत कामाला हाय. तिला पोरगा झाला म्हणून मावशीला मी जीपनं घेऊन आलो व्हतो. दोन दिस राहिलो. निघायच्या टायमाला मावशी जीपमदी मागं जाऊन बसली. सरितानं वाटंत खायला डबा बांधला व्हता, तो घ्यायला मी परत दाराशी गेलो. पाच मिंटं. साडेसहाचा सुमार, अजून उजेड व्हता. काच फुटल्याचा आवाज आला आन् मावशीची आरोळी. मी पळत आलो तर तिनं पदर डोळ्यावर दाबून धरलेला, पदर सगळा लाल.

डाक्टर लोकांनी लय केलं. डावा डोळा नाय वाचला.

आता इथं भाताची लावणी चालू हाय. मावशी चाळीस वर्सं लावणी करती. तिच्या रोपांच्या वळीकडं बघून बाकीच्या बाया आपली वळ धरायच्या. यंदा ती चिखलात उतरली, पण एका डोळ्यानं तिला लांब-जवळ कळत नाय. रोप लावायला हात घालती तर तो इतभर पुढं पडतो. तीन दिस तिनं केलं. चवथ्या दिशी बांधावर बसून राहिली. कुणी काय म्हटलं नाय तिला. तीच म्हटली, मी वळ मोडते.

ही इजा.

माफी मागायची आसंल तर आधी काय केलं ते लिव. नाय लिवायचं तर पत्र धाडू नको, पोस्टमनला आमच्या पाड्यावर यायला लय चढ हाय.

बहिरू

*

नाशिक,
१८ ऑगस्ट

बहिरूकाका,

काका म्हटलेलं चालेल ना? नाही चाललं तर सांगा.

ते पहिलं पत्र वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. तृप्ती मॅडमना ते आवडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “पाठव, पण मला वाटत नाही समोरचा माणूस हे स्वीकारेल.” तुमचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्याचं मला माहीत नव्हतं. इजा झाली, टाके पडले, एवढंच घरी सांगितलं होतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

सध्या माझं असं चालतं. सोमवारी मॅडमकडे हजेरी. बुधवारी समुपदेशन असतं, आम्ही आठ मुलं गोल करून बसतो. पहिले दोन महिने कुणी बोललंच नाही, सगळे आपापल्या चपलांकडे बघायचे. शनिवारी एका वाचनालयात जुन्या पुस्तकांना कव्हर घालतो. फोन पोलिसांकडे जमा आहे. आयटीआयचा प्रवेश मंडळाच्या परवानगीने चालू राहिला. जुन्या मुलांना भेटायचं नाही, अशी अट आहे.

आता काय केलं ते.

सात फेब्रुवारीला राजू अठरा वर्षांचा झाला. राजू आमच्या शेजारच्या गल्लीतला, लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या वाढदिवसाचा बॅनर आम्ही कोपऱ्यावर लावला होता, त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो. तो पलीकडच्या पोरांनी फाडला. मग ठरलं की त्यांच्या गल्लीत जाऊन काचा फोडायच्या आणि व्हिडिओ टाकायचा. आम्ही पाच जण, तीन मोटारसायकली, सगळ्यांनी सारखेच काळे टी-शर्ट घातले होते. वर्कशॉपच्या बाहेर भंगाराचा ढीग असतो, तिथून लोखंडाचे तुकडे उचलले. अकरा गाड्या फोडल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तुमची जीप त्या पोरांची नव्हती, पण ती तिथे उभी होती. तिच्या मागच्या काचांना काळा कागद होता, आत कुणी आहे हे दिसलं नाही.

मी राजूच्या गाडीवर मागे बसलो होतो. तुमच्या जीपवर तुकडा कुणी मारला ते पोलिसांनी शोधलं आहे. आम्ही चौघं अठराच्या आतले, म्हणून आमचं प्रकरण मंडळापुढे आलं. राजूला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. तो जेलमध्ये आहे.

मावशींना काय सांगावं ते मला कळत नाही.

रोहित

*

करंजपाडा,
१० सप्टेंबर

रोहित,

काका म्हण, चालंल.

या पत्राचं बोलणं तुझं हाय. मावशीला वाचून दाखवलं. ती ऐकत बसली आन् म्हटली, “पुस्तकाला कव्हर घालतो व्हय? चांगलं काम हाय.”

माझा राग जरा उतरलाय तुझ्यावरचा, खोटं कशाला बोलू. तू लहान. दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसलेला. मी पण तुझ्या वयात टोळीबरोबर गेलेलो हाय. द्राक्षाच्या कामावर असताना आम्ही चार पोरं एका म्हाताऱ्याला उगाच लागलो व्हतो, त्याची टोपी पळवायची, डबा लपवायचा. मी मागंच उभा राहायचो आन् हसायचो. त्या म्हाताऱ्यानं एक दिस काम सोडलं. कुठं गेला काय म्हाईत. कुणाला हे सांगितलं नव्हतं कधी.

पण ज्यानं मारलं त्याला मी सोडणार नाय. चवदा नोव्हेंबरला मावशीची साक्ष हाय नाशिकच्या कोर्टात. मावशी म्हणती, मला काय नाय दिसलं. मी तिला सांगून ठेवलंय, तिथं तो राजू उभा आसंल, त्याच्याकडं बोट दाखव आन् म्हण की हाच. ती म्हणती, दिसलं नाय तर कसं म्हणू? मी म्हटलं, तुझा डोळा गेला, तुला एवढं म्हणायचा हक्क हाय. पोलिसांनी शोधलंय, चार पोरांनी सांगितलंय, मंग खोटं कुठं हाय त्यात? ऐकंल ती. माझं ऐकती.

गणपती झाले, आता भात पोटरीवर येईल. तुझ्या मॅडमनी परवानगी दिली तर एकदा इकडं येऊन जा. सुरगाण्याहून पाड्यावर जीप येती, ती माझीच. मागच्या काचंच्या जागी अजून प्लास्टिक बांधलंय, तेवढं सोसून घे.

बहिरू

*

नाशिक,
२२ सप्टेंबर

बहिरूकाका,

तुमचं पत्र आल्यापासून मी तीन वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. आता जे लिहितोय ते मॅडम वाचणारच आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय, तोंडाने सांगायचं माझ्याने होत नाही.

मावशींना राजूकडे बोट दाखवायला सांगू नका. राजूने मारलं नाही. मी मारलं.

राजू गाडी चालवत होता. त्याने हँडल सोडलंच नाही. मी मागे बसलो होतो हे खरं लिहिलं, पण माझ्या हातात लोखंडाचा तुकडा होता ते लिहिलं नाही. तुमच्या जीपपाशी गाडी हळू झाली. राजू म्हणाला, “ही सोड, ही बाहेरची दिसते.” मी तरी मारला. का मारला ते मॅडमनी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आधीच्या दोन काचांवर माझा नेम चुकला होता आणि मागच्या गाडीवरचा हसला होता, एवढंच आठवतं.

मी आरोळी ऐकली. राजूनेही ऐकली. त्याने ब्रेक दाबला, आणि मी त्याच्या पाठीत गुद्दा मारून म्हटलं, चल, चल. वळून बघितलं तेव्हा मावशींचा पदर दिसला. तुम्ही दाराकडून पळत येत होतात. म्हणजे डोळ्याचं माहीत नव्हतं हे खरं, पण काहीच माहीत नव्हतं असं नाही.

व्हिडिओत फक्त काळी बाही आणि हात दिसतो. पोलिसांना राजूने पहिल्याच दिवशी सांगितलं की रोहितने मारलं. कुणाला खरं वाटलं नाही. अशा प्रकरणात जो मोठा असतो तो लहानावर ढकलतो, कारण लहान सुटतो. सगळ्यांना वाटलं राजूही तेच करतोय.

आणि त्याच रात्री आम्हा चौघांचे वडील आमच्या घरी बसले. बाबा कंपनीत मशिनवर असतात, तीस वर्षं झाली, कुणाला उलट बोलत नाहीत. पण त्या दिवशी तेच बोलले. म्हणाले, राजू तसाही मोठा धरला जाणार, त्याची केस तिकडेच जाणार, मग चार पोरांचं आयुष्य कशाला नासवायचं? ठरलं. चौघांनी एकच सांगायचं. मी म्हटलं, “बाबा, पण...” बाबा घाबरले किंवा चिडले की सटाण्याकडची बोली बोलतात. म्हणाले, “तू काही बोलू नको. मी शे ना.” मी नाही बोललो. मला बरं वाटलं, काका, हे पण लिहितो. मी आहे ना, असं कुणी म्हटलं की किती बरं वाटतं.

राजूला वडील नाहीत. त्यामुळे त्या बैठकीत त्याच्या बाजूचं कुणी नव्हतं. त्याची आई, मीनाकाकू, पॅकिंगच्या कामाला जाते. कामावर जाताना रोज सकाळी आमच्याकडे थांबते आणि माझ्या आईला म्हणते, “माझ्या पोरानं केलं ते केलं, वर तुझ्या रोहितचं नाव घेतो. मला तोंड दाखवायला जागा नाही ठेवली त्याने.” ती आमची माफी मागते, काका. आई तिला चहा देते आणि गॅसकडे बघत उभी राहते. आईला माहीत आहे. मी आतल्या खोलीत असतो. सात महिने झाले.

तुम्ही लिहिलंत की तुमचा राग उतरला. तो राजूवर गेला. म्हणून लिहिलं.

यायला सांगितलंत त्याबद्दल काही बोलायचा मला हक्क नाही.

रोहित

*

नाशिक,
२६ सप्टेंबर

श्री. बहिरूभाऊ,

मी तृप्ती अहिरे, रोहितची परिवीक्षा अधिकारी. सोबत रोहितचं पत्र आहे. ते मी चार दिवस माझ्याकडे ठेवलं, त्याचं कारण सांगते.

असं पत्र हातात आल्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं, आणि मुलाला न विचारता पुढे जाणंही बरोबर नव्हतं. मी त्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे नेलं. हे मंडळापुढे सांगितलं तर त्याला निरीक्षणगृहात ठेवलं जाऊ शकतं, शेवटचा आदेशही कडक होऊ शकतो, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “मग बॅग भरून आणू का?” त्याला वाटलं त्याच दिवशी नेतील.

त्याचे वडील काल कार्यालयात आले. तासभर खुर्चीवर बसून होते. मी पाणी दिलं तेही प्यायले नाहीत. शेवटी म्हणाले, “मॅडम, मी पोरासाठी केलं.” मी म्हटलं, मला ठाऊक आहे. मग त्यांनी अर्जावर सही केली. मंडळाकडे अर्ज गेला आहे, तिथून जबाब नोंदवून सत्र न्यायालयाकडे जाईल. वेळ लागेल.

एक चूक माझीही आहे, ती तुम्हाला सांगणं मला भाग आहे. रोहितच्या सामाजिक तपासणीचा अहवाल मी लिहिला. त्यात लिहिलं की मुलगा मित्रांच्या प्रभावाखाली आला, प्रत्यक्ष कृतीत मागे होता. चांगलं घर, पहिलाच गुन्हा, हळू बोलणारा मुलगा. मला तसं वाटणं सोपं गेलं. राजूच्या घरी मी गेले नाही. ते माझ्या कामात बसत नव्हतं.

तुम्हाला राग येईल. तो यायलाच हवा. एकच विनंती, कुसाबाईंना जे दिसलं, जे नाही दिसलं, तेवढंच त्यांना बोलू द्या.

आपली,
तृप्ती अहिरे

*

करंजपाडा,
२३ नोव्हेंबर

रोहित,

दोन महिने झाले. मुद्दामच नाय लिवलं.

तुझं पत्र वाचलं तवा मी सुरगाण्याच्या स्टँडवर व्हतो, जीपमदी माणसं बसलेली. मी पत्र चुरगाळलं आन् पायाखाली टाकलं. मंग उचललं. डॅशबोर्डाच्या कप्प्यात घातलं आन् कुणाला सांगितलं नाय. मावशीला पण नाय. आपण ज्याला घरी बोलावलं, ज्याला त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, तोच निघाला. मला वाटलं, ह्यानं मला दोन डाव मारलं.

आता माझं ऐक. तू लिवलंस, मी पण लिवतो.

पत्र वाचल्यावर पण मी मावशीला म्हटलं नाय की बोट दाखवू नको. गप्प राहिलो. मला कुणाला तरी आत गेलेलं बघायचं व्हतं. तू तर सुटल्यासारखाच व्हतास, माझ्या डोक्यात तसं व्हतं. राजू हाताशी व्हता. मॅडमची चिठ्ठी वाचली, ती पण कप्प्यात घातली. मंग तुमच्या चार बापांत आन् माझ्यात काय फरक, ते मला नंतर समजलं, तवा नाय समजलं.

चवदा तारखेला मावशीला घेऊन कोर्टात गेलो. तिनं नवं लुगडं नेसलेलं. तो पोरगा पिंजऱ्यात उभा, लय वाळलेला, मान खाली. सरकारी वकिलांनी इचारलं, “कुणी मारलं ते तुम्ही पाहिलं का?” मावशीनं पहिलं माझ्याकडं बघितलं. मी नजर काढली. ती म्हटली, “माझा भाचा म्हणतो, हा पोरगा. मला काय नाय दिसलं. काचंला काळा कागद व्हता. मला उजेड दिसला आन् मंग काय नाय.” वकीलसाहेबांनी परत इचारलं. ती म्हटली, “साहेब, उरलेल्या डोळ्याची शपथ घालू का?” कोर्टात कुणी हसलं नाय.

बाहेर आल्यावर वकील म्हटले, मंडळाकडनं एका पोराचा जबाब आलाय, त्यानं स्वतःवर घेतलंय. मावशी म्हटली, कुठला पोर? मंग मला काय जागा राहिली नाय. जीपमदनं तुझं पत्र आणलं आन् कोर्टाच्या बाकड्यावर बसून तिला सगळं वाचून दाखवलं. त्या मीनाबाईच्या गोष्टीपाशी आलो तवा मी थांबलो. मावशीनं पाणी दिलं, म्हटली, पुढं वाच.

वाचून झाल्यावर मला म्हटली, “तुला कधीपासून ठावं?” मी खरं सांगितलं. घरापत्तुर ती तोंड बाहेर करून बसली. चार तास. मधी वणीला चहाला थांबलो, तर खाली उतरली नाय.

दुसऱ्या दिशी सकाळी चुलीपाशी म्हटली, “माझा एक डोळा गेला. त्यापायी दोन पोरं कशाला घालवायची? एक पोर दोषी, एक नाय. जो नाय त्याला सोडवा. दोषी त्याला इकडं आण, मला त्याचं तोंड बघायचंय.”

मॅडमनी फोनवर सांगितलं की तुला निरीक्षणगृहात ठेवलंय. बाहेर आलास की ये. मी तुला माफ केलं असं समजू नको, ते अजून माझ्यापाशी नाय. मावशीनं बोलावलं म्हणून बोलावतो.

बहिरू

*

नाशिक,
२० जानेवारी २०२६

बहिरूकाका,

पाड्यावर आलो त्या दिवशी परतताना तुम्ही जीपने मला आणि मॅडमना सुरगाण्यापर्यंत सोडलंत आणि तिथूनच वळलात. मॅडम म्हणाल्या, लगेच पत्र लिहू नको, थोडं थांब. आठ दिवस थांबलो. आता बरंच सांगायचं आहे.

निरीक्षणगृहात मी एकवीस दिवस होतो. डिसेंबरमध्ये मंडळाचा आदेश आला. दोन वर्षं मॅडमच्या देखरेखीखाली राहायचं, समुपदेशन चालू ठेवायचं, आणि दर शनिवारी-रविवारी नेत्र रुग्णालयात सेवा करायची. ऑपरेशन झालेल्यांना हाताला धरून ने-आण करतो. पहिल्या दिवशी एका आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला तो सोडवून पळून जावंसं वाटलं. आता सवय होते आहे. आयटीआयमध्ये एक सत्र बुडालं, ते पुन्हा करायचं. मंडळाच्या बाई म्हणाल्या की कायद्याने ही नोंद पुढे माझ्या आड येणार नाही. आधी मला याचाच आनंद झाला असता.

राजूला डिसेंबरच्या शेवटी जामीन मिळाला. तोडफोडीची केस त्याच्यावर आहेच, पण डोळ्याचं कलम त्याच्यावरून निघेल असं वकील म्हणतात.

मावशींनी त्या दिवशी मला काय विचारलं ते तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही मॅडमना भाताचं खळं दाखवायला गेला होतात. मावशींनी मला समोर बसवलं, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. मला वाटलं होतं त्या रागावतील, नाहीतर माफ केलं म्हणतील. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो. त्या नुसत्या बघत राहिल्या, मान थोडी डावीकडे वळवून. मग म्हणाल्या, “माझी आरोळी ऐकलीस, मंग थांबला का नाय?”

मी म्हटलं, भ्यालो.

त्या म्हणाल्या, “मी पण भ्याले.” आणि भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, “त्या दुसऱ्या पोराच्या आईला सांगितलंस का?” मी म्हटलं, कोर्टात सगळं लिहून गेलंय. त्या म्हणाल्या, “कोर्टाला सांगितलंस. आईला?”

मला वाटलं होतं ते होऊन गेलं. मीनाकाकूंना वकिलांनी सांगितलंच असेल, राजू घरी आलाय, आता मी काय वेगळं सांगणार? शिवाय राजूला भेटायची मला बंदी आहे. मी मॅडमना विचारलं. त्यांनी मंडळाची परवानगी घेतली, एकदाच, तेही वडील बरोबर असतील तर.

काल संध्याकाळी मी आणि बाबा गेलो. मला वाटलं, ते गल्लीच्या तोंडाशीच थांबतील. पण दारापर्यंत आले.

मीनाकाकू दारात भाजी निवडत होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, “आता काय राहिलं?” मी म्हटलं, “काकू, तुम्हाला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. जीपची काच मी फोडली. राजूने मला नको म्हटलं होतं. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.” काकू म्हणाल्या, “वकील म्हणाले तसं. मला वाटलं, कोर्टात सोडवायला काहीतरी मांडणी केली असेल.” काका, त्यांना अजून खरं वाटलं नव्हतं. तीन आठवडे पोरगा घरात होता, तरी त्यांना वाटत होतं त्यानेच केलं आणि कुणीतरी त्याला वाचवलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं, हळूहळू, गाडी कुठे हळू झाली तिथपासून. मग बाबा बोलले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. म्हणाले, “वहिनी, सगळ्यांनी राजूचं नाव घ्यायचं, हे मी ठरवलं होतं. माझ्या घरात ठरलं. तुम्ही रोज येऊन माफी मागायच्या, ते मला माहीत होतं.”

मीनाकाकू बाबांकडे न बघता पुढे आल्या. मला एक मुस्काटात मारली. हातातली मेथी माझ्या गालाला लागली. मी तसाच उभा राहिलो. मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. “दहा महिने भेटायला जायचे मी त्याला,” त्या म्हणाल्या. “दर वेळी तो म्हणायचा, आई, मी नाही केलं. आणि मी म्हणायचे, खोटं बोलू नको, देव बघतो. मग त्याने सांगायचं सोडलं. मला वाटलं, कबूल केलं.”

राजू आत होता. भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने सगळं ऐकलं असणार, खोली केवढीशी. काकू उठून आत गेल्या आणि त्याच्या पाठीमागे जमिनीवर बसल्या. त्याला हात लावायला त्यांचा हात पुढे गेला आणि परत आला. आम्ही बाहेरच होतो, दार उघडंच होतं.

त्या म्हणाल्या, “राजू, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांग. मी ऐकते.”

राजू उठून बसला, आणि आईकडे तोंड करून सांगायला लागला.

बाबांनी हळूच दार ओढून घेतलं, आणि आम्ही निघालो.

मावशींना नमस्कार सांगा.

रोहित